दोनशे तास की पंधराशे? पायलट व्हायला निघालेल्यांसाठी

भारतात कमर्शियल पायलट लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण पुरतं. अमेरिकेत एअरलाईनमध्ये को-पायलट म्हणून बसायचं तर साधारण १५०० तास लागतात. युरोपात इंटिग्रेटेड, म्हणजे सगळं प्रशिक्षण सलग एकाच शाळेत देणारा, कोर्स केला तर लायसन्सची अट १५० तासांपर्यंत खाली येते. पायलट व्हायचं ठरवलेली मुलं आणि त्यांचे आईवडील हे तीन आकडे एकाखाली एक लिहितात आणि विचारतात: कमी तासांची वाट स्वस्त ना? जास्त तासांची वाट सुरक्षित ना? पार्ल्यापासून डोंबिवलीपर्यंत अशा बऱ्याच घरांशी माझं बोलणं होतं आणि दरवेळी मी एकच सांगतो. आकडा बाजूला ठेवा. ते तास कोणत्या विमानावर, कुणाच्या पैशाने आणि कुणाच्या शेजारी बसून भरायचे आहेत, ते आधी बघा.

अमेरिकेपासून सुरुवात करू, कारण तिथल्या नियमाबद्दल गैरसमज जास्त आहेत. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री कोल्गन एअरचं विमान बफेलोजवळ एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. विमानाचा वेग धोकादायक पातळीपर्यंत उतरला, स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल सुटण्याचा, इशारा म्हणून कंट्रोल कॉलम (विमान वर-खाली वळवायचा दांडा) थरथरू लागला आणि कॅप्टनने तो पुढे ढकलायच्या ऐवजी मागे ओढला. मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनमध्ये चिकाटीने पाठपुरावा केला, २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून एअरलाईनच्या को-पायलटलाही एटीपी, म्हणजे सर्वात वरचं लायसन्स, बंधनकारक झालं. त्याआधी साध्या कमर्शियल लायसन्सवर, म्हणजे २५० तासांच्या आसपास, ही खुर्ची मिळू शकत होती.

आता यातला महत्त्वाचा भाग. त्या विमानाच्या कॅप्टनचे तीन हजारांहून जास्त तास झाले होते आणि को-पायलटचे दोन हजारांहून जास्त. १५०० चा नियम त्या रात्री लागू असता, तरी दोघंही त्यात बसले असते. तपासात कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया हे मुख्य कारण निघालं. थकवा आणि प्रशिक्षणातल्या उणिवांचीही चर्चा झाली. नातेवाइकांच्या लढ्यातून पायलटांच्या विश्रांतीचे नियम बदलले आणि एटीपीच्या परीक्षेआधी सिम्युलेटरसह खास कोर्स सक्तीचा झाला. माझ्या मते सुरक्षेत खरी भर या दोन गोष्टींनी घातली. चर्चा मात्र तासांचीच राहिली.

या नियमाला सवलतीही आहेत. सैन्यात उडवलेल्यांना ७५० तास, मान्यताप्राप्त विद्यापीठातून विमानचालनाची पदवी घेतलेल्यांना १०००, दोन वर्षांच्या पदविकेवर १२५०. बाकीच्यांना २५० ते १५०० हे अंतर स्वतः कापावं लागतं. बहुतेक जण इन्स्ट्रक्टर होतात आणि सेस्नासारख्या छोट्या विमानात विद्यार्थ्यांना शिकवत तास भरतात. या कामाला मी कमी लेखणार नाही. समोरचा विद्यार्थी चूक करायच्या आधी ती ओळखता येणं ही मोठी शिदोरी आहे. पण मुंबईतून गेलेल्या मुलासाठी इथेच रस्ता अडतो: विद्यार्थी व्हिसावर तिथे वर्षानुवर्षं नोकरी करता येत नाही. त्यामुळे बहुतेक भारतीय मुलं लायसन्स घेऊन दोनशे-अडीचशे तासांवर परत येतात. अमेरिकेची १५०० ची अट त्यांच्या आयुष्यात कधी येतच नाही. तिथे प्रशिक्षण घ्यायचं की नाही हा प्रश्न वेगळा. त्याकडे पुढे येतो.

युरोपचं थोडक्यात. तिथे एअरलाईन्स दोनशेच्या आसपास तासांचे नवे पायलट सर्रास घेतात. भिस्त प्रशिक्षणावर: एटीपीएलच्या (एटीपीचंच तिकडचं आणि आपल्याकडचं नाव) थिअरीचे १३ पेपर आधीच द्यायचे आणि २०१९ पासून विमान हाताबाहेर जाताना ते सावरायचं प्रगत प्रशिक्षणही सक्तीचं. मल्टी-क्रू लायसन्सची वाटही आहे. त्यात २४० तास धरतात, पण त्यातला मोठा भाग सिम्युलेटरवर होतो आणि पहिल्या दिवसापासून दोघांनी मिळून विमान चालवायचं शिकवतात. अभ्यासक्रम म्हणून मला हे आवडतं. पण युरोपात राहायचा, काम करायचा हक्क नसेल, तर तो खर्च करून परत येण्यात अर्थ दिसत नाही.

आता आपलं घर. डीजीसीए, म्हणजे आपल्याकडची विमान वाहतूक नियामक संस्था, तिच्या २०० तासांच्या पोटात बऱ्याच अटी आहेत. १०० तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. त्यातले २० क्रॉस-कंट्रीचे, म्हणजे एका विमानतळावरून दुसरीकडे जायचे, आणि त्यात एक फेरी किमान ३०० नॉटिकल मैलांची, म्हणजे साधारण ५५५ किलोमीटरची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. रात्रीचे ५ तास, १० टेक-ऑफ आणि १० लँडिंगसह. अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत १५ तास उडवलेले हवेत. इन्स्ट्रुमेंट रेटिंगशिवाय (बाहेरचं न दिसता केवळ उपकरणांवर उडवायची परवानगी) एअरलाईन दारात उभं करत नाही आणि त्यासाठी ४० तास इन्स्ट्रुमेंटवरचे व ५० तास कमांडमधले क्रॉस-कंट्री लागतात.

परदेशातून येणाऱ्यांची गाडी नेमकी इथे अडते. तिथल्या शाळेने तिथल्या नियमाप्रमाणे लायसन्स दिलेलं असतं. त्यात डीजीसीएला हवे असलेले कमांडचे किंवा रात्रीचे तास पुरे झालेले असतीलच असं नाही. मग मुलगा इथे येऊन पुन्हा तासाच्या दराने पैसे मोजतो. अमेरिकेत जायचंच असेल तर जाण्याआधी डीजीसीएच्या अटींचा कागद शाळेपुढे ठेवा आणि कोर्समध्ये त्या कुठे कुठे पूर्ण होतात ते लेखी घ्या. तिथला खरा फायदा वेळेचा आहे. विमानं भरपूर, विमानतळ भरपूर, त्यामुळे वर्षभरात काम उरकू शकतं.

इथे तसं होईलच असं नाही. जुहूच्या धावपट्टीशी आपलं नातं जुनं आहे. बॉम्बे फ्लाईंग क्लब १९२८ चा आणि जेआरडी टाटांनी १९३२ मध्ये टपालाचं विमान कराचीहून आणून उतरवलं ते जुहूलाच. पण मुंबईच्या मोठ्या विमानतळाच्या इतक्या जवळ आज शिकाऊ विमानांना आकाशच उरलेलं नाही. क्लबचं उड्डाणशिक्षण धुळ्याला चालतं. बाकी राज्यात बारामती, गोंदिया, शिरपूर, जळगाव अशा जागा आहेत. कोकणच्या मानाने धुळे-बारामतीकडे पाऊस कमी, तरी पावसाळ्यात ढग खाली आले की उड्डाणं थांबतातच. विमान दुरुस्तीला गेलं, इन्स्ट्रक्टर सोडून गेला, चाचणीची तारीख मिळेना, अशा कारणांनी दीड वर्षाचं काम अडीच-तीन वर्षांवर गेलेली मुलं मी पाहिली आहेत. तो काळ घरच्यांना फार जड जातो. हॉस्टेलचं भाडं आणि कर्जाचं व्याज विमान उडो न उडो चालूच राहतं.

म्हणून शाळा निवडताना इमारत आणि माहितीपत्रक बघू नका. आज उडू शकणारी विमानं किती, विद्यार्थी किती, इन्स्ट्रक्टर किती, हे तिथे जाऊन, शिकत असलेल्या मुलांना विचारा. डीजीसीएने २०२५ मध्ये फ्लाईंग स्कूलना श्रेणी द्यायला सुरुवात केली आणि पहिल्या यादीत 'ए' श्रेणी एकाही शाळेच्या वाट्याला आली नाही. ती यादी बघा. लॉगबुकात प्रत्यक्ष न उडवलेला एक तासही लिहू देऊ नका. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिका आणि खोट्या तासांची प्रकरणं बाहेर आली, तेव्हा लायसन्सं गेली आणि अटकाही झाल्या. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पुढे त्या पायलटच्या मागे दीड-दोनशे माणसं बसणार असतात.

आता खरी तुलना. एअरलाईनचा कॅप्टन व्हायला लागणाऱ्या एटीपीएलसाठी भारतातही १५०० तास लागतातच. फरक इतकाच की, आपल्याकडे उरलेले तेराशे तास एअरबस किंवा एटीआरसारख्या प्रवासी विमानात को-पायलटच्या उजव्या खुर्चीत, अनुभवी कॅप्टनच्या शेजारी आणि पगार घेत भरता येतात. वर्षाला १००० तासांची कायदेशीर मर्यादा धरली, तर नियमित उडणारा को-पायलट साधारण दोन वर्षांत तिथे पोहोचतो. अमेरिकेत तेच तास छोट्या विमानात भरून मग जेटमध्ये शिरायचं. मला विचाराल तर एअरलाईनच्या कामासाठी आपल्याकडचे तास जास्त उपयोगाचे. गर्दीच्या वेळी मुंबईच्या आकाशात चकरा मारत थांबणं, जुलैच्या पावसात ओल्या धावपट्टीवर उतरणं, इंधन बघून अहमदाबादला वळायचं का ते दोघांनी मिळून ठरवणं, हे सेस्नात शिकता येत नाही. पण याला एक पूर्वअट आहे. एअरलाईनचं टाईप रेटिंग (ठराविक प्रकारचं विमान चालवायची पात्रता), सिम्युलेटर आणि सुरुवातीचं देखरेखीखालचं उड्डाण कसदार हवं. तिथे घाई झाली तर २०० तासांचा पायलट खरोखरच कच्चा राहतो आणि भार शेजारच्या कॅप्टनवर पडतो.

आणि मुळात ती खुर्ची मिळायला हवी. कायद्याची किमान अट २०० ची असली तरी बाजाराची अट दर वर्षी बदलते. २०२३ मध्ये डीजीसीएने सोळाशेहून जास्त कमर्शियल लायसन्सं दिली; त्याच वर्षी मे महिन्यात गो फर्स्ट बंद पडली. २०१९ च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेज थांबली होती. असं झालं की टाईप रेटिंग असलेले अनुभवी पायलट बाजारात येतात आणि नव्यांची रांग लांबते. रांगेत थांबायलाही पैसे लागतात: इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं नूतनीकरण, हात बसलेला राहावा म्हणून अधूनमधून उड्डाण. लायसन्सचा खर्च अर्धा कोटीच्या घरात धरा, टाईप रेटिंग वेगळं, आणि त्यावर वर्ष-दीड वर्षाच्या प्रतीक्षेची तरतूद ठेवा. ती तरतूद नसेल तर हिशेब अपुरा आहे.

ही प्रतीक्षा टाळायला एअरलाईन्सचे कॅडेट प्रोग्रॅम आहेत. प्रवेशालाच चाचण्या आणि मुलाखत, प्रशिक्षण ठरलेल्या शाळांत, टाईप रेटिंग त्यातच धरलेलं. खर्च एक कोटीच्या वर जातो. घरात ऐपत असेल आणि मुलगा किंवा मुलगी चाचण्यांतून निवडली गेली असेल, तर माझी पसंती याच वाटेला आहे. मात्र करार वकिलाला दाखवा. नोकरीचं पत्र कोणत्या अटींवर आहे, एअरलाईनने भरती लांबवली तर काय, मध्येच नापास झालं तर किती पैसे परत मिळतील, हे सहीच्या आधी कळलं पाहिजे.

राहता फ्लॅट गहाण ठेवूनच एक कोटी उभे राहणार असतील, तर कॅडेटचा नाद सोडा असं मी आईवडिलांना स्पष्ट सांगतो. त्यापेक्षा इथल्या चांगल्या शाळेतून लायसन्स घ्यावं, टाईप रेटिंगची घाई करू नये आणि असिस्टंट इन्स्ट्रक्टरचं रेटिंग करून शिकवायला लागावं. पगार एअरलाईनइतका नाही, पण तास वाढतात, हात चालू राहतो आणि आपल्या फ्लाईंग स्कूलना इन्स्ट्रक्टर हवेच आहेत. अमेरिकेतले तरुण नाइलाजाने जे करतात ते इथे स्वखुशीने करता येतं आणि मुलाखतीत सहाशे-सातशे तासांचा इन्स्ट्रक्टर दोनशेवाल्यापेक्षा वेगळा उठून दिसतो.

कोणतीही वाट धरा, फी भरण्याआधी मेडिकल करून घ्या. आधी क्लास टू, म्हणजे प्राथमिक तपासणी, मग क्लास वन, म्हणजे कमर्शियल लायसन्सला लागणारी. डोळ्यांची रंग ओळखण्याची क्षमता, कान, हृदय, सगळं तपासतात आणि काही दोष असे असतात की तिथेच दार बंद होतं. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स नसतील तर तेही आधी पूर्ण करावं लागेल. या दोन गोष्टी हातात आल्या की मगच शाळेला पहिला हप्ता द्या, आणि तोही एकरकमी नाही, उडवलेल्या तासांप्रमाणे.