प्लास्टिकचे स्टोन क्रॅब पिंजरे : एका हंगामाच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगतो. स्टोन क्रॅब, म्हणजे जाड डेंग्यांचे (पुढच्या मोठ्या नांग्यांचे) समुद्री खेकडे, पकडायचे हे पिंजरे उत्तम आहेत, परत घेईन. त्यांच्यासोबत आलेली दोरी आणि नावाचे स्टिकर मात्र टाकून द्यायच्या लायकीचे. आणि तुमची बोट माझ्यासारखी सतरा फुटी असेल, तर पाचांचा संच मागवण्याआधी स्वतःच्या कंबरेचा सल्ला घ्या.

आम्ही फ्लोरिडात, सेंट पीटर्सबर्गजवळ राहतो. इथे स्टोन क्रॅबचा हंगाम १५ ऑक्टोबर ते १ मे. सोळा वर्षांवरच्या हौशी माणसाला पाच पिंजरे टाकता येतात. खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीचा परवाना लागतो, शिवाय पिंजऱ्यांची वेगळी नोंदणी करावी लागते. ती फुकट आहे, पण तिचा क्रमांक, आपलं नाव आणि पत्ता प्रत्येक पिंजऱ्यावर पक्का कोरलेला हवा. संचात त्यासाठी आलेले स्टिकर नोव्हेंबरमध्येच सुटायला लागले. शेवटी प्लास्टिकच्या पट्ट्यांवर सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने अक्षरं उमटवली आणि स्क्रूने बसवली. ती मेपर्यंत जशीच्या तशी राहिली.

पिंजरा सुटा येतो. चार बाजू, तळ, झाकण, सगळं स्क्रूने जोडायचं. खरं काम काँक्रीटचं. तळात दोन-अडीच इंचांचा थर ओतावा लागतो, नाहीतर ओहोटीच्या ओढीने पिंजरा लोळत कुठल्या कुठे जातो. माझा एकेक पिंजरा कोरडा असतानाच ३५-४० पाउंडांचा झाला. लाकडी पिंजरे दिसायला देखणे, पण त्यांना समुद्रातला किडा पोखरतो. प्लास्टिकला ती भीती नाही. त्यावर बार्नेकल, म्हणजे घट्ट चिकटणारे कवचवाले बारके जीव, बसतात, ते खरवडले की झालं.

पिंजरा अख्खा प्लास्टिकचा असून चालत नाही. त्याला एक खिडकी ठेवून तिच्यावर सायप्रसची किंवा रसायन न मारलेल्या पाइनची पाऊण इंचापेक्षा जाड नसलेली पट्टी ठोकायची. दोरी तुटून पिंजरा तळाशी हरवला, तर पट्टी कुजते, खिडकी उघडते आणि आतले जीव सुटतात. नाहीतर तो पिंजरा कोणाच्याही उपयोगाचा नसताना वर्षानुवर्षं मारत बसेल. २०२३च्या हंगामापासून बारकी पिल्लं निसटावीत म्हणून २ ३/१६ इंचांची गोल कडीही सक्तीची झाली. माझ्या संचात कडी होती, पण तिच्यासाठी भोक आपणच पाडायचं. जाहिरातीत मात्र 'नियमानुसार तयार' असं छापलेलं! भोक पाडायची करवत ज्याच्या घरात नाही, त्याने काय करायचं?

आता ओढण्याबद्दल, कारण छोट्या बोटीवर सगळं तिथेच ठरतं. धंदेवाल्यांच्या बोटीवर पिंजरा उचलायचं यंत्र असतं. हौशी माणसाने हातानेच ओढायचं, तेही उजेडातच. मी दहा-पंधरा फूट पाण्यात, समुद्रगवत संपून कडक तळ सुरू होतो त्या कडेला टाकतो. बोयाकडे, म्हणजे पिंजऱ्याच्या दोरीला बांधलेल्या तरंगत्या खुणेकडे, प्रवाहाच्या उलट दिशेने यायचं, इंजिन न्यूट्रलला टाकायचं, आकडीने दोरी उचलायची. पहिल्या हिसक्याला पिंजरा हलतच नाही, वाळूत रुतलेला असतो. तिथे जोर लावू नका. दोरी ताणून धरा आणि लाटेची वाट बघा. लाट बोटीला वर घेते तेव्हा पिंजरा आपसूक सुटतो, मग हात न थांबवता भराभर ओढायचं. तो पाण्याबाहेर आला की त्याचं खरं वजन हाताला कळतं, आणि बोटीवरच्या दोघांनी तेव्हाच एका बाजूला झुकायचं नसतं. बोटीच्या कडेवर मी बायकोची जुनी योगा मॅट बांधली आहे. फायबरवर ओरखडे नाहीत, पिंजराही घसरत नाही.

संचातली दोरी पाण्यावर तरंगणारी निघाली. सैल पडलेला वेटोळा बोटीच्या पंख्यात सापडायला वेळ लागत नाही, माझ्या नाही तर दुसऱ्या कोणाच्या. पहिल्याच महिन्यात सगळी बदलून बुडणारी दोरी लावली. बोये ठीकठाक. त्यांच्यावर किमान दोन इंच उंचीचं इंग्रजी 'आर' (रिक्रिएशनल, म्हणजे हौशी) हे अक्षर हवं, म्हणजे पिंजरा हौशी माणसाचा आहे हे लांबून कळतं. दुसऱ्याच्या पिंजऱ्याला हात लावणं इथे गंभीर गुन्हा आहे, तेव्हा बोया नीट वाचल्याशिवाय आकडी टाकू नका.

आमिष म्हणून इथले जाणते डुकराचे पाय सांगतात, आणि ते खरं आहे. मुलेट माशाची डोकी बारके मासे दोन दिवसांत साफ करतात, डुकराचा पाय आठवडा-दीड आठवडा टिकतो. घरच्या फ्रीझरमध्ये त्यांना प्रवेश मिळाला नाही, म्हणून गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीझर घ्यावा लागला. तो खर्च कोणी सांगत नाही.

थंडीची लाट येऊन उत्तरेचा वारा वाहून गेला की पिंजऱ्यात बऱ्यापैकी माल असतो. निवांत, गुळगुळीत पाण्याच्या आठवड्यांत बहुतेक वेळा टोडफिश नावाचे मासे आणि शंखातले खेकडे. एकदा झाकण उघडलं तर आत खेकड्यांच्या रिकाम्या पाठी, आणि कोपऱ्यात काँक्रीटच्याच रंगाचा झालेला ऑक्टोपस. डोळा हलला म्हणून दिसला. त्याने सगळं खाऊन पिंजऱ्यातच मुक्काम ठोकला होता, आणि बाहेर काढायला गेलो तर एकेक हात सोडवेपर्यंत दुसरा चिकटायचा.

इथे अख्खा खेकडा घरी न्यायचा नाही. फक्त डेंगा मोडून घ्यायचा आणि खेकडा परत पाण्यात सोडायचा. पूर्वी पावणेतीन इंचांचा डेंगा चालायचा, २०२०पासून २ ७/८ इंच लागतो. डेंग्याच्या कोपरापासून त्याच्या खालच्या न हलणाऱ्या बोटाच्या टोकापर्यंत सरळ रेषेत मोजायचं. अंडी असलेल्या मादीला हात लावायचा नाही. दोन्ही डेंगे कायद्याने काढता येतात, मी एकच काढतो. एक शाबूत असला तर त्याला खाता येतं आणि स्वतःला वाचवता येतं. मोडण्यातही कसब आहे. सांध्यावर झटक्यात, सरळ मोडलं तर आतला पडदा शाबूत राहतो आणि जखम बंद होते. पिळत बसलात आणि अंगातलं मांस ओढलं गेलं, की तो जगत नाही. नीट मोडला तर दर वेळी कात टाकताना डेंगा थोडाथोडा वाढतो, पूर्वीएवढा व्हायला काही वर्षं लागतात. जाड हातमोजे घाला. हा निळ्या खेकड्यासारखा चपळ नाही, पण याच्या मोठ्या डेंग्यात बोट सापडलं तर दवाखानाच गाठावा लागेल.

कच्चे डेंगे बर्फात ठेवू नका, मांस कवचाला चिकटून बसतं. सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवून घरी आल्या आल्या उकळायचे, आठ-दहा मिनिटं, आणि मगच बर्फात. मायामी बीचला १९१३पासून चालू असलेल्या 'जोज स्टोन क्रॅब'मध्ये ते गार करून, फोडून, मोहरीच्या सॉसबरोबर देतात. आमच्या आईने रत्नागिरीहून व्हिडिओ कॉलवर टोपली बघितली आणि विचारलं, "अरे, नुसत्या डेंग्यांचं काय कालवण होणार? पाय वाटून रस कशाचा काढशील?" तिचं बरोबर आहे. वाटप घालून दोनदा केलं, रश्श्याला कुर्लीची, म्हणजे आपल्याकडच्या खेकड्याची, चव आली नाही आणि दुसऱ्यांदा शिजून मांसही चिवट झालं. आता लोणी, लसूण, लिंबू आणि वरून चिमूटभर मालवणी मसाला, एवढंच. "अमावास्येला काढ, भरलेले मिळतील," हाही तिचाच सल्ला. मी शनिवारी काढतो, कारण सुट्टी तेव्हाच असते.

पैसे वसूल होतात का, असं विचाराल तर दुकानातले भाव बघता पिंजऱ्यांचे होतात, बोटीच्या पेट्रोलचे नाही.

मर्यादा माणशी दिवसाला एक गॅलन डेंगे, पण बोटीवर चौघं असले तरी सगळे मिळून दोनच गॅलन. न्यू जर्सीहून येणाऱ्या पाहुण्यांची भर घालून माल वाढत नाही, ओढायला हात मात्र मिळतात. ५ ऑक्टोबरपासून पिंजरे पाण्यात टाकायची मुभा असते, पण मी त्या दिवशी टाकत नाही. २०२४मध्ये मिल्टन वादळ ९ ऑक्टोबरला इथून जवळच सिएस्टा की बेटाला धडकलं. त्या सुमाराला हवामान बघूनच टाकावेत. हंगाम संपल्यावर पाच दिवसांत सगळे बाहेर काढावे लागतात. मग पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन भर उन्हात वाळवा, आणि वाऱ्याची दिशा शेजाऱ्यांच्या घराकडे नाही ना, ते आधी बघा.