'गेंगा' म्हणून घेतलं, छपाई निघाली

घरात कुणी ड्रॅगन बॉल किंवा सेलर मून या जपानी कार्टून मालिकांचं वेडं असेल आणि जपानमधून त्याचं 'ओरिजिनल' चित्र मागवायचा विचार चालू असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. माझे ६८,००० येन गेले, म्हणजे आपले चाळीस हजारांच्या आसपास. ते परत मिळालेले नाहीत.

मी तोक्योत, निशी-कासाईला राहते. धाकटा भाऊ सांगलीत असतो. ८ मार्च २०२४ला ड्रॅगन बॉलचे कर्ते अकिरा तोरियामा गेल्याची बातमी जाहीर झाली. ते १ मार्चलाच गेले होते, वय ६८. त्या संध्याकाळी भावाचा फोन आला, "ताई, गोकूचा बाप गेला गं." पुढे त्याला बोलवेना. शाळेतून आल्यावर दप्तर फेकून आम्ही दोघं कार्टून नेटवर्कसमोर बसायचो, आई हाका मारून थकायची. जूनमध्ये त्याचा तिसावा वाढदिवस होता. मी ठरवलं, त्याला ड्रॅगन बॉल झेडचा एक खराखुरा सेल द्यायचा.

सेल म्हणजे काय ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. संगणक येण्यापूर्वी ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पत्र्यांवर रंगवलं जायचं. समोरच्या बाजूला रेघा, मागच्या बाजूने रंग. असा एकेक पत्रा पार्श्वभूमीच्या चित्रावर ठेवून कॅमेऱ्याखाली धरायचे आणि फोटो घ्यायचे. झेड ही मालिका १९८९ ते १९९६ अशी चालली, सगळी याच पद्धतीने. म्हणजे तिचे सेल आजही लोकांकडे आहेत आणि ते विकतही मिळतात. साधारण १९९७ ते २००२ या काळात जपानी स्टुडिओ संगणकावर रंगवायला लागले. एकटी 'साझाए-सान' ही मालिका २०१३पर्यंत सेल वापरत राहिली. त्यामुळे कुणी तुम्हाला 'नारुतो' मालिकेचा चित्रीकरणात वापरलेला सेल दाखवला, तर तिथेच थांबा. ती मालिका २००२च्या ऑक्टोबरात सुरू झाली तीच संगणकावर.

एवढं मला माहीत होतं. म्हणूनच वाटलं की आपल्याला कोण फसवणार.

एका ॲपवर एका खासगी विक्रेत्याचं चित्र दिसलं. मालिकेचा नायक गोकू, त्याच्या पाठीशी त्याचा लहानगा मुलगा गोहान, शेजारी एक गोलमटोल उडती गाडी. वर्णनात तीन शब्द होते: सेल, गेंगा (म्हणजे मूळ चित्र) आणि हानकेन. काळी लाकडी चौकट, आत चित्राभोवती जाड पांढऱ्या पुठ्ठ्याचा माउंट, समोर काच. चित्रीकरणातल्या सेलच्या कोपऱ्यात क्रमांक असतो, म्हणून मी विचारलं, "वरच्या कोपऱ्यात नंबर आहे का?" उत्तर आलं, "हा हानकेन सेल आहे, मासिकासाठी केलेला. त्यावर नंबर नसतो." हे उत्तर मला पटलं, कारण ते अर्धं खरं आहे. हानकेन म्हणजे जाहिरातीसाठी, मासिकाच्या मुखपृष्ठासाठी, पोस्टरसाठी स्टुडिओने वेगळा रंगवलेला सेल. तो मालिकेत कुठेच दिसत नाही, आणि नेहमीचा क्रमांक त्यावर नसूही शकतो. विक्रेत्याला विषय चांगला ठाऊक होता.

पार्सल आलं. चित्र समोरून इतकं सुंदर दिसत होतं की मी त्याच रात्री ॲपवर 'माल मिळाला, उत्तम' असा शेरा देऊन टाकला. इथे अशा ॲपवर घेणाऱ्याने शेरा दिला की मगच पैसे विकणाऱ्याच्या खात्यात जातात. मी स्वतःच्या हाताने ते सोडले.

आमच्या मजल्यावर सत्तरीच्या एक बाई राहतात. मी त्यांना मनातल्या मनात काकू म्हणते. तरुणपणी त्या घरी बसून सेल रंगवायच्या. त्या काळी हे काम घरोघरच्या बायकांना नगावर दिलं जायचं. मी कौतुकाने चौकट घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, चित्र बराच वेळ पाहिलं आणि हळूच विचारलं, "मागून उघडलंत का हो हे?"

नव्हतं उघडलं. मागे सगळीकडून कागदी टेप पक्की चिकटवलेली होती. काकूंनी कटरने ती सोडवली, माउंट बाजूला केला आणि पत्रा उलटा करून टेबलावर ठेवला. मागे एकसारखा पांढरा थर होता, भिंतीला चुना द्यावा तसा. त्यांनी कपाटातून जुन्या डब्यातला एक सेल काढून शेजारी ठेवला. कुठल्याशा मालिकेतला नुसता एक हात होता तो. त्याच्या पाठीवर रंगांची जाडसर ठिगळं होती, नकाशातल्या राज्यांसारखी. काही ठिकाणी रंग रेघेबाहेर गेलेला, एका ठिकाणी तडा गेलेला. बोट फिरवलं की कडा लागायची. वरच्या कडेला तीन भोकं होती, मधलं गोल आणि दोन्ही बाजूंची लांबट, म्हणजे प्रत्येक पत्रा एकाच जागी बसावा. कोपऱ्यात 'बी' आणि एक आकडा होता. 'बी' म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पत्र्यांतला खालून दुसरा थर. आणि वास! व्हिनेगरसारखा आंबूस. जुनं होता होता हे प्लॅस्टिक तसा वास सोडतं. माझ्या पत्र्याला भोकं नव्हती, वास नव्हता, कडाही नव्हत्या.

मग त्यांनी भिंग दिलं आणि गोकूच्या नारिंगी कपड्यावर धरायला सांगितलं. आधी मला छोटे छोटे ठिपके दिसले, निळे, गुलाबी, पिवळे. ही छपाई होती. पण त्याहून विचित्र गोष्ट काकूंनी दाखवली. नारिंगी रंगाच्या आत कागदाचा पोत दिसत होता. प्लॅस्टिकच्या पत्र्यावर कागदाचा खरखरीतपणा! कुणीतरी कागदावरचं चित्र स्कॅन करून पारदर्शक फिल्मवर छापलं होतं आणि मागून पांढरा थर दिला होता.

"हे स्टुडिओतल्या माणसाचं चित्रच नव्हे," काकू म्हणाल्या. "हे सेन्सेईंच्या, म्हणजे तोरियामांच्या, हातचं चित्र आहे. म्हणजे त्याची नक्कल."

जे मला समोरून दिसायला हवं होतं, ते हे. मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढणारा कलाकार मासिकाच्या मुखपृष्ठासाठी, कॅलेंडरसाठी, पोस्टरसाठी जे रंगीत चित्र काढतो, ते कागदावर असतं. त्या काळात तोरियामा रंगीत शाई वापरत. शाई पसरते, एका छटेतून दुसऱ्या छटेत विरघळते, रेघ कुठे जाड कुठे बारीक होते. आणि गाड्या, यंत्रं यांचा त्यांना विलक्षण लळा होता, एकेक स्क्रू, एकेक नळी काढलेली असायची. सेलमध्ये असं चालत नाही. तेच पात्र हजारो वेळा काढायचं असतं, वेगवेगळ्या हातांनी. म्हणून स्टुडिओतला चित्रकार मूळ पात्र सोपं करून घेतो. झेडच्या सुरुवातीच्या काळात हे काम मिनोरू माएदा यांच्याकडे होतं. त्यामुळे सेलवर रंग सपाट असतो. उजेडाचा एक, सावलीचा एक, आणि मधली सीमा सुरीने कापल्यासारखी. हानकेन सेलवर कधी स्प्रेने थोडी छटा देतात, पण तीही रंगाच्याच थरावर. कागदाचा पोत तिथे येईलच कुठून? माझ्या चित्रात गोकूच्या बाहीवर नारिंगी हळूहळू तांबूस होत गेला होता. मी ते 'किती सुंदर' म्हणून पाहत बसले.

आता त्या 'गेंगा' शब्दाविषयी, कारण खरी मेख तिथे आहे. ॲनिमेच्या धंद्यात गेंगा म्हणजे हालचालीतल्या मुख्य टप्प्यांची पेन्सिलची रेखाटनं. मंगाच्या जगात गेंगा म्हणजे लेखकाने स्वतः काढलेलं मूळ चित्र. शब्द तोच, वस्तू दोन. शिवाय तिसरा प्रकार आहे 'फुकुसेइ गेंगा', म्हणजे त्या मूळ चित्राची अधिकृत, चांगल्या कागदावरची प्रत. ती प्रत विकण्यात काहीच गैर नाही, घेणाऱ्याला प्रत म्हणून सांगितलं की झालं. माझ्या विक्रेत्याने मूळ वर्णनात 'फुकुसेइ' हा शब्द लिहिलाच नव्हता. मी जाब विचारला तेव्हा त्याने कळवलं की चित्र 'गेंगावरून' आहे, आणि वर्णनाच्या शेवटी 'नो क्लेम, नो रिटर्न' असं लिहिलेलं होतंच.

ते वाक्य वाचून मी गप्प बसणार होते. बसले नाही, आणि तुम्हीही बसू नका. जपानच्या दिवाणी कायद्याचं ५७२वं कलम सांगतं की विकणाऱ्याला जे माहीत होतं आणि त्याने सांगितलं नाही, त्याची जबाबदारी अशा अटीने टळत नाही. ग्राहकांच्या तक्रारींसाठी १८८ हा फोन नंबर आहे, जपानीत तो 'इयाया' म्हणून लक्षात ठेवतात. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकलं आणि वर्णनाचे, चित्राचे, संदेशांचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी साठवायला सांगितलं. पोलिसांच्या सल्ल्यासाठी #९११० आहे, तिथेही बोलले. पण माझा शेरा आधीच गेला होता, व्यवहार पूर्ण झालेला होता, आणि ॲपवाल्यांनी तेच कारण पुढे केलं. तक्रार नोंदलेली आहे, चालू आहे.

तुम्ही घेणार असाल तर पैसे देण्याआधी चौकटीतून काढलेल्या पत्र्याच्या पाठीचा फोटो मागा, तिरक्या उजेडात घेतलेला. "चौकट उघडली तर किंमत जाईल" असं उत्तर आलं तर सोडून द्या. घरपोच आल्यावर आधी उघडा, उलटा करा, भिंग लावा, आणि मगच शेरा द्या. प्रमाणपत्राला भुलू नका, माझ्याबरोबरही एक आलं होतं, सोनेरी कडेचं. चित्रावरची सहीसुद्धा भिंगाखाली पाहा. माझ्या चित्रातली सही चित्राबरोबरच छापलेली होती, त्याच ठिपक्यांत.

भावाला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, ते तसंच पाठव." मी पाठवलं नाही. काकूंनी आपल्या डब्यातला तो हाताचा सेल मला दिला, पातळ कागदात गुंडाळून, आणि जूनमध्ये तोच सांगलीला गेला. ती मालिका कुठली हे त्यांनाही आठवत नाही, पण रंग त्यांनी स्वतः भरलेला आहे.

गेल्या आठवड्यात त्याच ॲपवर नव्या नावाच्या खात्यावर तीच काळी चौकट दिसली. तोच जाड पांढरा माउंट, तेच तीन शब्द. या वेळी आत सेलर मून आहे आणि तिच्या केसांचा पिवळा रंग टोकाशी हळूहळू गुलाबी होत गेला आहे. मी स्क्रीनशॉट काढून तक्रारीला जोडले आहेत.