अर्थची पट्टी सडलेली, बिल मात्र बॅटरी आणि डायनामोचं

कोल्हापुरात पाऊस लागला की जुन्या गाड्यांच्या इलेक्ट्रिकच्या तक्रारी वाढतात आणि फसवणारेही त्याच दिवसांत हात धुऊन घेतात. कसबा बावड्यातल्या एका ग्राहकाची वीस वर्षं जुनी एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरवाली) पेट्रोल गाडी घ्या. सकाळी सेल्फ मारला की नुसतं 'टक'. गावाबाहेरच्या गॅरेजनं आधी नवी बॅटरी घातली. काही दिवसांत पुन्हा तेच, तर 'डायनामो गेलाय' म्हणून तो (म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) बदलला. तिसऱ्या खेपेला, "वायरिंग सगळं सडलंय बघा, अख्खा हार्नेसच टाकायला लागतोय."

दोष होता बॉडीपासून गिअरबॉक्सला जाणाऱ्या अर्थच्या पट्टीत, म्हणजे इंजिनचा करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या तारांच्या पट्टीत. बोल्टखाली हिरवट पूड, निम्म्या तारा तुटलेल्या. सेल्फ फिरताना शंभर अँपिअरच्या आसपास करंट जातो आणि तो अर्थमधूनच बॅटरीकडे परत येतो. सांध्यात एक शतांश ओहम अडथळा वाढला तरी एक व्होल्ट तिथंच खर्ची पडतो. नव्या बॅटरीत दम जास्त, म्हणून चार दिवस गाडी चालू होते आणि गिऱ्हाइकाला वाटतं, काम झालं.

डायनामोच्या वेळी तर मीटर लावून दाखवला होता. इंजिन चालू, पिना बॅटरीवर, आकडा १२.९ व्होल्ट. चांगल्या गाडीत तो साधारण १३.८ ते १४.४ असतो, त्यामुळे माणूस गप्पच बसतो. पण डायनामोचा अर्थही त्याच पट्टीतून येतो. लाल पिन डायनामोच्या जाड वायरच्या नटावर आणि काळी डायनामोच्याच अंगावर ठेवून बघायला हवं होतं. तिथं १४.२ आणि बॅटरीवर १२.९ म्हणजे डायनामो ठणठणीत, मधली वाट खराब. जो मेकॅनिक पिना तिथं लावून दाखवायला तयार नाही, त्याला पार्ट विकायचाय.

बरं, 'नवा' डायनामोही नवा नव्हताच. जुन्यालाच ॲल्युमिनियम रंगाचा स्प्रे मारलेला. स्क्रूच्या खाचेत आणि लेबलच्या कडेवर रंग गेलेला, पुलीच्या आतल्या बाजूला जुनी काजळी तशीच. गाडी सोडण्याआधी डायनामो आणि सेल्फच्या अंगावर नेलपॉलिशचा ठिपका देऊन मोबाईलवर फोटो काढून ठेवा. खरंच बिघडला असला तरी बऱ्याचदा कार्बन ब्रश, रेग्युलेटर किंवा बेअरिंग एवढंच जातं. उद्यमनगरात ते बदलून देणारे कारागीर आहेत. अख्खं युनिट घ्यायची घाई नको.

आणखी दोन नाटकं. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून 'बघा, बंद पडली, डायनामो गेलाय' असं दाखवतात. हे कुणालाही करू देऊ नका. व्होल्टेजची उसळी येऊन चांगला रेग्युलेटर किंवा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) तिथंच जाऊ शकतो आणि मग खरोखरच खर्च करावा लागतो. दुसरं, टर्मिनल टेकवून ठिणगी दाखवणं: 'शॉर्ट आहे!' दार उघडं, छताचा ५ वॅटचा दिवा चालू, म्हणजे जवळजवळ ०.४ अँपिअर, ठिणगी पडणारच. खरी गळती बघायची तर सगळी दारं बंद, चावी बाहेर, अर्धा तास थांबून निगेटिव्हची वायर काढून ती आणि बॅटरीचा खांब यांच्या मध्ये मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावायचा (मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, फ्यूज उडेल). ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर शंका सोडा. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी एका रात्रीत बसायला दोनेक अँपिअरची गळती लागते, आणि एवढी गळती एकेक फ्यूज काढत गेलं की लगेच सापडते.

अर्थ तपासायला दोन मिनिटं पुरतात. मीटर २० व्होल्ट डीसीवर, एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरी इंजिनच्या कोऱ्या धातूवर. इग्निशन कॉइलचा प्लग काढून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.३ पर्यंत चालतं, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर पट्टी किंवा तिथला सांधा खराब. बावड्याच्या गाडीत १.४ आला होता. बोल्ट सोडून पॉलिश पेपरनं चकचकीत करायचं, नवी पट्टी आवळायची आणि मग वरून व्हॅसलीन. आधी लावू नका.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेली गाडी असेल तर कार्पेटखालचे अर्थचे बोल्टही असेच उघडून बघा.

बिलावर पार्टचा नंबर लिहून घ्या आणि काढलेला जुना पार्ट डिकीत टाकूनच पैसे द्या. गॅरेजनं जुना पार्ट द्यायला नकार दिला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे; जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.