आयव्ही जिरॅनियम: गुलाबासारखं ‘सिबिल होम्स’ की एकेरी ‘व्हिल द पारी’?

आल्प्सच्या खेड्यांत सज्जांवरून ओसंडणारं आयव्ही जिरॅनियम बहुतेक एकेरी फुलांचं असतं, ‘व्हिल द पारी’ या जातीसारखं. वाळलेल्या पाकळ्या आपोआप गळतात, पावसाचं त्याला फारसं काही वाटत नाही. उघड्या गॅलरीला तेच लावा.

‘सिबिल होम्स’ या दुहेरी जातीचं फूल मात्र जवळून पाहावं: अर्धवट उमललेला इवलासा गुलाबी गुलाबच! पण त्या दाट पाकळ्यांत पाणी अडकतं आणि करडी बुरशी धरते. म्हणून ते छपराखाली, बसायच्या जागेजवळ टांगा. सुकलेला तुरा देठासकट बुडाशी मोडा.

६० सेंमीच्या पेटीत कुठलीही तीन रोपं पुरतात. पानांखाली बुचासारखे खरखरीत फोड दिसले तर बुरशीनाशक फवारू नका. ती बुरशी नव्हे; मुळांनी ओढलेलं जादा पाणी पानांतून बाहेर पडू शकलेलं नसतं. माती वरून सुकल्यावरच, सकाळी पाणी द्या.