ॲडवक्लीनर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या घरी एकच संगणक आहे. वडील त्यावर वीजबिल भरतात आणि बँकेचे व्यवहार पाहतात, मुलगी शाळेचे प्रकल्प करते. दिवाळीच्या सुट्टीत पीडीएफ जोडण्यासाठी कोणीतरी एक फुकटचे सॉफ्टवेअर उतरवून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून ब्राउझर उघडला की भलतेच सर्च पेज समोर येऊ लागले. खालच्या उजव्या कोपऱ्यात दर थोड्या वेळाने ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस आहेत’ अशी लाल पाटी सरकत येई. वडील तिच्यावरच्या क्रमांकावर फोन लावण्याच्या बेतात होते, तेव्हा मी असले नको असलेले, जाहिराती घुसवणारे सॉफ्टवेअर शोधून काढणारे ॲडवक्लीनर वापरायला घेतले.

२०१६ पासून मालवेअरबाइट्स या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीकडे असलेले हे मोफत साधन फक्त विंडोजवर चालते. ते इन्स्टॉल करावे लागत नाही. फाइल उतरवायची, उघडायची आणि स्कॅन सुरू करायचे. पहिल्याच स्कॅनमध्ये १४ नोंदी सापडल्या आणि त्यांतील बहुतेक नावांची सुरुवात ‘पीयूपी’ या अक्षरांनी होत होती. पीयूपी म्हणजे व्हायरस नव्हे, तर आपण ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत असताना मूळ सॉफ्टवेअरच्या पाठीवर बसून आत शिरलेले नको असलेले सामान. सगळे क्वारंटाइन करून, म्हणजे चालू शकणार नाही असे वेगळे कोंडून, संगणक पुन्हा सुरू केला, तेव्हा सर्च पेज पूर्ववत झाले होते.

तीन आठवड्यांनी मात्र तेच पान परत आले. मी पुन्हा स्कॅन केले, पुन्हा साफ केले, आणि दोन दिवसांत ते पुन्हा हजर झाले. खरे कारण सापडायला मला एक संपूर्ण रविवार लागला. ब्राउझरमध्ये सिंक, म्हणजे सेटिंग्ज ऑनलाइन खात्यात साठवून ठेवण्याची सोय, चालू होते, त्यामुळे संगणकावरून काढलेले एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे सॉफ्टवेअर) खात्यात साठवलेल्या माहितीतून पुन्हा खाली उतरत होते. आधी सिंक बंद करून खात्यातील साठा पुसला, मग स्कॅन केले आणि त्यानंतरच सिंक सुरू केले. तेव्हापासून ते पान दिसलेले नाही. ज्यांच्याकडे जाहिराती साफ करूनही परततात, त्यांनी सर्वप्रथम हेच तपासावे, असे मी आग्रहाने सांगेन.

लाल पाटीचे मूळ आणखी वेगळे होते. कुठल्याशा संकेतस्थळाने ‘नोटिफिकेशन पाठवू का?’ असे विचारल्यावर घरातल्या कोणीतरी ‘अलाउ’ दाबले होते. ही परवानगी आपणच दिलेली असल्याने ब्राउझरच्या साइट सेटिंग्जमध्ये जाऊन ती आपल्यालाच काढून घ्यावी लागते.

संगणकाबरोबर आलेले सॉफ्टवेअरही ॲडवक्लीनर वेगळे दाखवते, हे मला विशेष मोलाचे वाटते. लेनोवोच्या काही लॅपटॉपवर आधीपासून बसवलेले सुपरफिश हे जाहिरातींचे सॉफ्टवेअर फेब्रुवारी २०१५ मध्ये उघडकीस आले. ते जाहिराती घुसवण्यासाठी स्वतःचे रूट सर्टिफिकेट (कोणते संकेतस्थळ खरे मानायचे हे ब्राउझरला सांगणारे प्रमाणपत्र) बसवत असे, आणि त्यामुळे कुलूप दिसणाऱ्या बँकेच्या पानावरचा मजकूरही तिसऱ्याला वाचता येण्याची वाट मोकळी होत होती. जाहिराती घुसवणारे ॲडवेअर आणि हेरगिरी करणारे स्पायवेअर यांच्यातील रेघ इतकी पुसट असते.

स्पायवेअरसाठी मात्र एकट्या ॲडवक्लीनरवर विसंबू नये. ॲडवेअर गोंगाट करते म्हणून कळते. स्पायवेअर गप्प राहून पासवर्ड टिपत बसते. शिवाय या साधनाला अखंड पहारा देता येत नाही, आपण चालवू तेव्हाच ते तपासते. म्हणून मी विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी करणारे मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या विंडोजमधल्याच अँटिव्हायरसचे ऑफलाइन स्कॅन केले, विंडोज सिक्युरिटीमध्ये नको असलेली ॲप अडवण्याची सोय चालू असल्याची खात्री केली आणि बँकेचा पासवर्ड त्या संगणकावरून न बदलता माझ्या फोनवरून बदलला. रोजच्या वापरासाठी फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन बसवले, त्यामुळे फसव्या ‘डाउनलोड’ बटणांच्या जाहिराती जवळजवळ दिसेनाशा झाल्या.

सर्वांत अधिक उपयोग झाला तो वडिलांना आणि मुलीला साधे खाते करून दिल्याचा. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड माझ्याकडे असल्यामुळे काही बसवताना विंडोजने तो मागितला की दोघेही मला हाक मारतात. सुरुवातीला वडिलांना ते रुचले नव्हते. आता ते स्वतःच ‘हे कुठून आलंय ते आधी बघ’ असे सांगतात. जून आणि जुलैच्या दोन्ही स्कॅनमध्ये एकही नोंद सापडली नाही.