डीव्हीडी ड्राइव्ह दिसत नाही आणि विंडोज टाकायचीय: कोणता मार्ग धरावा?

विंडोज नव्याने टाकायची म्हणून डिस्क घातली आणि कॉम्प्युटरला ड्राइव्हच सापडेना, तर चार मार्ग उरतात. ड्राइव्ह दुरुस्त करा, बाहेरून जोडायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह घ्या, पेनड्राइव्ह बूटेबल करा (म्हणजे कॉम्प्युटर त्यावरूनच सुरू होईल असा), किंवा यातलं काहीही न वापरता चालू विंडोजमधूनच इन्स्टॉल करा. बहुतेकांसाठी पेनड्राइव्हच योग्य. पण जुनी विंडोज अजून सुरू होत असेल, तर चौथा मार्ग त्याहून सोपा आहे आणि तोच लोक विसरतात.

निवड करण्याआधी एक गोष्ट तपासा: ड्राइव्ह फक्त विंडोजला दिसत नाही, की बायोसलाही (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमलाही)? मशीन सुरू होताना एफ-२ किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये जा. तिथल्या यादीत ड्राइव्हचं नाव असेल तर दोष बहुधा सॉफ्टवेअरचा. जुन्या सीडी बर्निंग प्रोग्रॅमने रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) सोडलेल्या अपर फिल्टर्स आणि लोअर फिल्टर्स या नोंदींमुळे असं होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड १९ किंवा ३९ दिसतो. त्या नोंदी दुरुस्त करत बसू नका. डिस्कवरून बूट केलं की जुनी रजिस्ट्री वाचलीच जात नाही, त्यामुळे बायोसच्या बूट ऑर्डरमध्ये (आधी कशावरून सुरू व्हायचं त्या क्रमात) ड्राइव्ह वर आणलात की काम होतं.

बायोसलाही दिसत नसेल तर ट्रे उघडून बघा. ट्रे बाहेर येतो, दिवा लागतो, म्हणजे वीज पोचतेय. संशय डेटा केबलवर. डेस्कटॉपची वीज काढून साटा केबल दोन्ही टोकांना नीट बसवा, मदरबोर्डवरचं दुसरं पोर्ट वापरून पाहा. दिवाच लागत नसेल तर पॉवर केबल बदला. तरीही काही नाही, तर ड्राइव्ह गेला. दुरुस्ती इथपर्यंतच करावी, नव्या ड्राइव्हवर फक्त विंडोजसाठी पैसे घालू नयेत.

यूएसबी डीव्हीडी ड्राइव्हबद्दलही माझं तेच मत. घरी लग्नाच्या, जुन्या फोटोंच्या डिस्क पडल्या असतील तर जरूर घ्या, पुढेही उपयोगी पडेल. पण एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतं आणि विंडोज १० व ११ च्या अलीकडच्या आयएसओ (संपूर्ण डिस्क एकाच फाइलमध्ये) त्याहून मोठ्या आहेत. घेतलात तर मागच्या, थेट मदरबोर्डच्या पोर्टात लावा. पुढच्या पॅनलवर वीज कमी पडून ड्राइव्ह मध्येच गायब होऊ शकतो.

पेनड्राइव्हच्या मार्गाला किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि दुसरा चालू कॉम्प्युटर लागतो. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल किंवा रूफस हा प्रोग्रॅम वापरा. हे दोन्ही प्रोग्रॅम पेनड्राइव्ह पूर्ण पुसतात. रूफसमध्ये डिस्कच्या विभागणीचा प्रकार विचारतात: जुन्या बायोसच्या मशीनसाठी एमबीआर, यूईएफआय (बायोसची नवी पिढी) असेल तर जीपीटी निवडा. बूट मेनूसाठी डेल आणि बऱ्याच लेनोव्होंवर एफ-१२, एचपीवर एफ-९.

इथे विंडोज ७ वाल्यांची खरी पंचाईत होते. पेनड्राइव्हवरून सेटअप सुरू होतो आणि मध्येच सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर मागतो. डिस्क तर वापरातच नाही! बहुतेक वेळा कारण असं, की विंडोज ७ च्या सेटअपमध्ये यूएसबी ३ चे ड्रायव्हर नाहीत, म्हणून बूट झाल्यावर त्याला स्वतःचाच पेनड्राइव्ह दिसेनासा होतो. निळ्या पोर्टातून काढून काळ्या, म्हणजे यूएसबी २ च्या पोर्टात लावा. तरीही तेच झालं तर आयएसओ अर्धवट उतरलेली असू शकते. तसंही विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं, तेव्हा आयएसओ उतरवण्याआधी मशीन त्यात बसतं का ते बघा.

आता चौथा मार्ग. विंडोज १० किंवा ११ सुरू होत असेल तर त्याच आवृत्तीची आणि भाषेची आयएसओ उतरवा, डबल-क्लिक करा. ती नव्या ड्राइव्हसारखी उघडते. आतली सेटअप फाइल चालवा. फाइली आणि प्रोग्रॅम ठेवण्याचा पर्याय मिळतो. विंडोजच बिघडली असेल, तर हा मार्ग सर्वांत कमी त्रासाचा. व्हायरसची शंका असेल किंवा हार्ड डिस्क आवाज करत असेल, तर मात्र नको.

फॉरमॅट करणार असाल तर 'डी'वर डेटा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सहसा 'सी'वरच असतात. विंडोज सुरूच होत नसेल तर पेनड्राइव्हच्या सेटअपमध्ये शिफ्ट आणि एफ-१० एकत्र दाबा, उघडणाऱ्या काळ्या खिडकीत notepad टाइप करा आणि त्याच्या ओपन खिडकीत 'ऑल फाइल्स' निवडून फाइली दुसऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी करा. श्रीलिपीसारख्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले दस्तऐवज असतील, तर ते फॉन्टही सोबत घ्या, नाहीतर नव्या विंडोजमध्ये सगळा मजकूर अगम्य चिन्हांत दिसेल.