फौजी काकांचं फॉर्म भरायचं दुकान: साडेचार स्टार, अर्धा का कापला ते खाली लिहिलंय

विजापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत एका रिटायर्ड हवालदार काकांनी छोटं सेवा केंद्र टाकलंय. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर पलटणीचा ग्रुप फोटो, बस्स. नाव मुद्दाम देत नाही, नोव्हेंबरात तिथं आधीच पाय ठेवायला जागा नसते आणि गर्दी वाढवली म्हणून काका माझ्यावरच ओरडतील.

गेलो होतो पप्पांच्या हयातीच्या दाखल्यासाठी. पप्पा मराठा लाईट इन्फन्ट्रीतून रिटायर, आता बोटं एवढी झिजलीत की मशीनवर अंगठाच लागत नाही, दोन ठिकाणांहून परत पाठवलं होतं. काकांनी अंगठ्याचा नादच सोडला, मोबाईलवर चेहऱ्यानं दाखला काढायचं ॲप उघडलं. त्यात पापणी मिटून उघडावी लागते. कॅमेरा समोर आला की पप्पा थेट सावधान! छाती पुढं, नजर समोर, पापणी हलंना. तीनदा फेल गेलं. शेवटी काका ओरडले, "उस्ताद, परेड नाहीये ही, पापणी तरी हलवा की ओ!" आख्खं दुकान हसलं, पप्पा पण हसले आणि त्या हसण्यात दाखला निघाला. पन्नास रुपये घेतले फक्त.

पण मला लै आवडलं ते पुढचं. त्यांनी स्वतःहून डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळतं ते नोंदीचं पुस्तक) मागितलं आणि पानं उलटून बघितलं तर आईचं नाव माहेरचं लागलेलं, आधारवर सासरचं. पप्पांची जन्मतारीख तर 1 जून, ती मात्र सगळीकडं सेम, मास्तरांची कृपा. काका तोंडावर बोलले, "तुम्ही हायात तोवर हे नीट करून घ्या, उद्या फॅमिली पेन्शन अडकली तर वहिनी बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला कागद पाठवत बसणार का?" असं कोण बोलतं ओ समोर बसलेल्या माणसाला, आई गप्पच झाली, पण खरं होतं. अॅफिडेव्हिटचा मजकूर, दोघांचे आधार, अर्ज, सगळं त्याच दिवशी लावून दिलं.

अर्धा स्टार कापला कारण दुपारी एक ते चार शटर बंद (सोलापूरचं ऊन, काय बोलणार), फोन उचलत नाहीत आणि प्रिंटर काळे पट्टे मारतो.

आता खरी गोष्ट घरपट्टीची. 2020 ला राज्य सरकारनं माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका घराची घरपट्टी माफ केली, चांगला निर्णय. मी अर्ज घेऊन गेलो तर तिथला क्लार्क (कुठलं ऑफिस ते जाऊ दे) म्हणतो आमच्याकडं असला आदेशच नाही. परत दुकानात आलो. काकांनी ड्रॉवरमधून पिवळा हायलायटर मारलेली जीआरची झेरॉक्स काढली, म्हणाले ही माझी विसावी तरी कॉपी असंल.

मग मला समजलं गोंधळ कुठं आहे. पेन्शन आणि ईसीएचएस (माजी सैनिकांची दवाखान्याची योजना) दिल्लीचं, तिथं 2004 पासून संरक्षण मंत्रालयात माजी सैनिकांचा वेगळा विभाग आहे. राज्यात सैनिक कल्याणचं मुख्य ऑफिस पुण्यात, पण ते सामान्य प्रशासन विभागाच्या हाताखाली. घरपट्टी शहरात असली तर नगरविकास, गावात असली तर ग्रामविकास, जमिनीचं महसूल. राज्याच्या क आणि ड गटाच्या नोकरीत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण (प्रत्येक जातप्रवर्गाच्या आतच राखीव जागा) आहे, पण भरती ज्याची त्याची. म्हणजे हवालदारानं फाईल धरून कुणाच्या दारात उभं राहायचं? राज्यात माजी सैनिकांसाठी वेगळा विभाग, वेगळा सचिव असता तर त्या क्लार्कला वरून एक पत्र तरी गेलं असतं. आणि हे अशक्य नाही ओ, 2022 ला दिव्यांग कल्याणचा स्वतंत्र विभाग आपल्याच राज्यानं केला, हरियाणात सैनिक-अर्धसैनिकांसाठी वेगळं खातं आहे.

पप्पांना हे पटत नाही. म्हणतात नवीन खातं म्हणजे नवीन शिक्का, नवीन बोर्ड आणि नवीन साहेबाची गाडी. तेही खोटं नाही, नुसता बोर्ड लावून माणसं आणि पैसे दिले नाहीत तर जिल्ह्याला फरक शून्य. काकांना विचारलं तर म्हणाले, "होऊ दे की, माझं दुकान बंद पडलं तरी चालंल, सुनेला ही खोली ब्युटी पार्लरसाठी पाहिजेच हाय."

घरपट्टीची फाईल अजून तिकडंच आहे, जीआर जोडून पोच घेतलीय. तुम्ही जाणार असाल तर डिस्चार्ज बुक ओरिजिनल न्या, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद), आधार आणि आधारला लिंक असलेला मोबाईल पण, आणि साडेबाराच्या आत पोचा.